पाकिटाच्या मागचा पत्ता

"ताई, मागं आपला पत्ता नको लिहायला," अपू म्हणाली.

मी सोप्यात बसून राखीचं पाकीट तयार करत होते. आत राखी ठेवली होती, कुंकवाची आणि तांदळाची पुडी ठेवली होती. पुढच्या बाजूला विजयवाड्याचा पत्ता अपूनं तिच्या गोल गोल अक्षरात, हिरव्या पेनानं लिहिला होता. मागची बाजू कोरी होती.

"का नको?"

"कॉलेजात त्या बाई आल्या होत्या ना मागच्या महिन्यात. फेसबुकवर ओळख झालेल्या माणसाला पत्ता, फोन नंबर असलं काय द्यायचं नाही म्हणाल्या."

"भाऊ म्हणतेस ना त्याला?"

"म्हणते की."

"मग भाऊ काय परका असतो होय? आणि गेल्या वर्षी शेजारच्या कुसुमकाकूंची राखी त्यांच्या भावाला पोचली नाही, परतही आली नाही. का, तर मागं पत्ता नव्हता. आण ते पेन इकडं."

तिनं पेन दिलं. मी मागच्या बाजूला तिचं पूर्ण नाव लिहिलं, मारुतीच्या देवळामागं अशी खूण लिहिली, गाव, तालुका, पिनकोड आणि खाली आईचा मोबाइल नंबर. माझं अक्षर तिरकं आणि ठसठशीत. शाळेत असताना फळ्यावर सुविचार मीच लिहायचे, त्याचा मला भारी तोरा होता. शेवटच्या ओळीखाली एक रेघ मारली आणि भाताचं शीत घासून पाकीट चिकटवून टाकलं. अपू म्हणाली, "बरं बाई, तू म्हणतेस तर."

आमचं गाव विट्याजवळचं. आमच्या भागातल्या निम्म्या घरांतले पुरुष गलाईच्या धंद्यात. गलाई म्हणजे जुने दागिने वितळवून सोनं शुद्ध करायचं. सोन्याचा बाजार असेल त्या शहरात आमच्याकडचा कुणी ना कुणी भट्टी टाकून बसलेला असतो. आमचे आण्णा मदुराईला होते. वर्षातून दोनदा यायचे. त्यामुळं श्रावणात गावातल्या बायका राख्या बांधायच्या कमी आणि पोस्टात टाकायच्या जास्त. पाकिटाच्या मागं पत्ता लिहायचा ही आमच्याकडं प्रत्येक घरातली शिस्त होती.

आमच्या घरात मात्र पाठवायला कुणी नव्हतं. मी थोरली, अपू माझ्यामागनं सात वर्षांनी झालेली. मुलगा होईल म्हणून वाट बघितली आणि ही झाली, म्हणून नाव ठेवलं अपेक्षा. ती हे स्वतःच हसून सांगायची. राखीपौर्णिमेला आम्ही दोघी एकमेकींना राखी बांधायचो. ती मला ओवाळायची, मग मी तिला ओवाळायची, आणि नारळीभातावरनं भांडायचो. मला हे सगळं पोरकट वाटायचं. तिला वाटत नसावं.

त्या वर्षी ती अकरावी सायन्सला होती. घरात एकच मोबाइल, आईचा, आणि त्यावर अपूनं फेसबुक उघडलं होतं. गलाईवाल्यांच्या मुलामुलींचा कसला तरी ग्रुप होता, तिथं हा ओंकार भेटला. म्हणाला, आमचं मूळ गाव घाटाच्या पलीकडचं, वडिलांची विजयवाड्याला भट्टी आहे, मला बहीण नाही. पहिल्या दिवसापासनं 'ताई, ताई' म्हणायचा. अपूनं दोन दिवस उत्तर दिलं नाही आणि मग मला येऊन विचारलं, बोलू का म्हणून. विचारलं होतं तिनं, हे मी विसरत नाही. मी सगळे मेसेज वाचले आणि म्हणाले, "आपल्यातलाच दिसतोय. राखी पाठवून दे, म्हणजे त्याच्याही डोक्यात काही वेडंवाकडं यायचं नाही."

आमच्याकडं हे असंच करतात. मुलाशी बोलायचं तर आधी त्याला भाऊ मानायचं. एकदा राखी गेली की कुणी काही विचारत नाही.

राखीपौर्णिमेच्या दिवशी अपूनं नवा पिवळा ड्रेस घातला. हातात ओवाळणीचं ताट घेऊन ती उंबऱ्यात उभी राहिली आणि मी तिचा फोटो काढला. निरांजन पेटलेलं, कपाळावर कुंकू, एक वेणी पुढं घेतलेली. तो फोटो तिनं ओंकारला पाठवला. भाऊबीजेला त्याच्याकडनं पार्सल आलं, ड्रेसचं कापड आणि मिठाईचा डबा. आई ते कापड चार घरांत दाखवून आली. "बघा, पोटचा नसला म्हणून काय झालं," असं म्हणत होती. आईला इतकं खूश मी फार दिवसांनी बघितलं.

त्याच सुमारास माझं लग्न ठरलं. तासगावकडची माणसं, मुलगा बँकेत. त्याआधी चार ठिकाणचे लोक मला बघून गेले होते आणि 'कळवतो' म्हणून चौघांनीही कळवलं नव्हतं. मी तेवीस पूर्ण केली होती आणि संपतमामा, म्हणजे आईचा थोरला भाऊ, दर भेटीला माझ्याकडं बघून उसासा टाकायचा. आण्णा लांब, त्यामुळं घरात शब्द मामाचा चालायचा. साखरपुड्याची तारीख निघाली. मी हवेतच होते म्हणा ना.

साखरपुड्याच्या दोन दिवस आधी दुपारी मी आतल्या खोलीत ब्लाउज घालून बघत होते. दंडाला घट्ट होत होता. अपू मोबाइल घेऊन आत आली.

"ताई, दार लावू का? तुझ्याशी बोलायचंय."

"लाव. आणि ही शिवण उसव जरा इथली."

तिनं दार लावलं पण शिवण उसवायला आली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली.

"ओंकारदादा आता नीट बोलत नाही."

"नीट नाही म्हणजे?"

"फोटो मागतो."

"दिलाय की ओवाळतानाचा."

"तसला नाही."

मी आरशातनं तिच्याकडं बघितलं. ओढणीचं टोक तिनं बोटाला इतकं गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.

"मी नाही पाठवला," ती घाईनं म्हणाली. "देवाशप्पथ ताई, एकही नाही पाठवला. ब्लॉक केलं मी त्याला. तर दुसऱ्या नावानं आला. म्हणतो, तुझा पत्ता आहे माझ्याकडं, आईचा नंबर आहे. तुझ्या फोटोचं काय करायचं ते मला येतं, म्हणतो."

"कधीपासनं चाललंय हे?"

"दिवाळीनंतर. ताई, आपण मामाला सांगूया का? नाहीतर कॉलेजातल्या मॅडमना? त्या बाईंनी नंबर दिला होता, तक्रार करायचा."

"आत्ता?" मी म्हणाले. "परवा साखरपुडा आहे माझा, अपे. तक्रार केली की पोलीस घरात. तासगावच्यांना कळलं तर काय म्हणतील? दोन दिवस थांब. बंद करून ठेव तो मोबाइल."

"पण तो म्हणतो दोन दिवसांत..."

"थांब म्हटलं ना. जरा माझंही बघू देत जा मला. उसव ती शिवण."

ती पुढं आली आणि शिवण उसवायला लागली. दंडावर तिचे हात गार लागत होते. धागा दातानं तोडून ती म्हणाली, "आता बरोबर बसतोय बघ." एवढंच बोलली आणि दार उघडून गेली.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी अकरा वाजता बाहेरच्या सोप्यात तासगावची मंडळी पोहे खात होती. मी आत साडी नेसून तयार होते. आईचा मोबाइल स्वयंपाकघरात ओट्यावर होता, तो वाजला. आईनं उघडून बघितलं आणि भिंत धरून खाली बसली. मामा पाणी मागायला आत आला होता, त्यानं मोबाइल उचलला. मी दारातच उभी होते, मलाही दिसलं.

अपूचा चेहरा होता. कपाळावर कुंकू, निरांजनाचा उजेड, पुढं घेतलेली वेणी. चेहऱ्याखाली दुसऱ्याच कुणाचं तरी अंग होतं. खाली आमचा पूर्ण पत्ता होता आणि लिहिलं होतं, हे तुमच्या गावातल्या सगळ्या ग्रुपांवर टाकतो.

मामानं स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. अपू पोळ्या लाटत होती. त्यानं मोबाइल तिच्यापुढं धरला आणि दबक्या आवाजात विचारलं, कारण बाहेर पाहुणे होते.

"कोण हा?"

तिनं सांगितलं. रडत नव्हती. सगळं ओळीनं सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच, फक्त मला आधी सांगितल्याचं सोडून.

"आईचा नंबर ह्याच्याकडं गेला कसा? घराचा पत्ता गेला कसा? ह्यात लिहिलंय बघ, मारुतीच्या देवळामागं. ही खूण कुणी दिली त्याला?"

अपू माझ्याकडं बघायला लागली. आई माझ्याकडं बघत नव्हती, तिनं पदरात तोंड घातलं होतं. बाहेर कुणीतरी हसलं आणि माझ्या होणाऱ्या सासूबाईंचा आवाज आला, "मुलीला आणताय ना?"

मला एकच वाक्य बोलायचं होतं. मामा, पत्ता मी लिहिला. एवढंच. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "कितीदा सांगितलं असेल हिला, फेसबुकवर माहिती देत जाऊ नकोस म्हणून."

मी हे बोलले. माझ्या तोंडानं बोलले. आजही कधी भांडी घासताना, कधी बस थांब्यावर उभी असताना ते वाक्य मला ऐकू येतं आणि जीव नकोसा होतो.

अपूनं लाटणं पोळपाटावर आडवं ठेवलं. हाताचं पीठ झटकलं.

"मी दिला," ती मामाला म्हणाली. "माझीच चूक झाली."

मामानं तिला मारलं नाही. मारलं असतं तर मी कदाचित मध्ये पडले असते. तो फक्त म्हणाला, "कॉलेज बंद. कार्यक्रम उरकला की आण्णांबरोबर मदुराईला पाठवून द्या. इथं ठेवायची नाही." आण्णा बाहेर पाहुण्यांत बसले होते, त्यांना अजून काहीच ठाऊक नव्हतं. मग मामानं मला खुणेनं बाहेर जायला सांगितलं. मी गेले. मला कुंकू लावलं, अंगठी घातली, सगळ्यांनी फोटो काढले. एका फोटोत मागं स्वयंपाकघराचं दार दिसतं, लावलेलं.

तो फोटो गावात कुणाकडं आला नाही, तरी चौथ्या दिवशी अपू गेली. तिची जीवशास्त्राची वही अर्धीच भरली होती. तिला नर्सिंगला जायचं होतं, पार पाचवीपासनं. बेडकाच्या हृदयाची आकृती काढून ती मला विचारायची, "ओळख बघू कुठली झडप?" आणि मी म्हणायची, बेडकाला विचार. वह्या पुस्तकं सगळी ती ट्रंकेत घालून, वर साडी पसरून ठेवून गेली. मला वाटलं जाताना माझ्याशी बोलणार नाही. पण बोलली. "तब्येत सांभाळ, लग्नात काळी पडशील जागरणानं," म्हणाली. मी मनाशी ठरवलं की लग्न होऊ दे, हळद उतरू दे, मग मामाला सगळं सांगायचं. लग्नाला तिला आणलं नाही. परीक्षा आहे असं सगळ्यांना सांगितलं, आणि परीक्षा तर तिची सुटली होती.

मी लग्नानंतर महिन्याभरानं माहेरी आले तेव्हा पोलिसांचा निरोप आला. दुसऱ्या एका गावातल्या मुलीच्या वडिलांनी तक्रार केली होती आणि माणूस सापडला होता. ओंकार नाव नव्हतंच त्याचं. गलाईवाला तर मुळीच नव्हता, बेचाळीस वर्षांचा होता, त्याला दोन मुली होत्या. त्याच्या खोलीत एक खोकं सापडलं. आईला ओळख पटवायला बोलावलं, मी सोबत गेले.

टेबलावर पाकिटं मांडून ठेवली होती. सत्तेचाळीस. सगळी आमच्याच भागातली, प्रत्येकाच्या मागं पूर्ण पत्ता, कुणी खुणेसकट लिहिलेला. राख्या तशाच आत होत्या. त्यातली बरीच पाकिटं त्यानं फोडलीसुद्धा नव्हती. त्याला मागची बाजूच हवी होती.

हवालदार बाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी आमचं पाकीट काढून आईपुढं ठेवलं.

"हेच का?"

आईनं मान डोलावली.

"मुलगी कुठं आहे आता? शिकतेय ना?"

"हो," आई म्हणाली.

"शिकू द्या. तिनं काय केलेलं नाही. ह्यातल्या पाच सहा मुलींचं शिक्षण घरच्यांनी बंद केलंय, मला इतका राग येतो सांगू. चोर सोडून पोरीलाच शिक्षा. तिनं घरात कधी सांगितलं होतं का?"

मी गप्प. आई म्हणाली, "नाही. सांगितलं असतं तर..."

"हो, सांगायला पाहिजे होतं. पहिल्या धमकीला कुणी आमच्याकडं आलं असतं तर तेव्हाच धरला असता. पुढच्या कितीतरी पोरी वाचल्या असत्या." मग त्यांनी पाकीट उलटं केलं आणि थांबल्या. "पुढचं अक्षर आणि मागचं अक्षर वेगळं दिसतंय. मागचं कुणाचं?"

तिरकं, ठसठशीत. खाली रेघ मारलेली. आईनं ते अक्षर बारा वर्षं शाळेच्या वह्यांत आणि किराणाच्या यादीवर बघितलं होतं. तिनं पाकिटाकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या हिरव्या चुड्याकडं बघितलं.

"तिचंच आहे," आई म्हणाली. "कधी असं लिहिते, कधी तसं."

हवालदार बाईंनी तसं लिहून घेतलं.

परत येताना एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. गाव जवळ आल्यावर आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मामाला काय सांगू नकोस. नुकतं लग्न झालंय तुझं."

"आई, पण अपू..."

"झालं ते झालं. तिचं बघतील आण्णा."

आण्णांनी बघितलं. अठरा पूर्ण होऊन चार महिने होत नाहीत तोवर मदुराईतच एका गलाईवाल्याच्या मुलाशी तिचं लग्न लावून दिलं. मुलगा बरा होता, वाईट नव्हता. मी लग्नाला गेले. हळद लागल्यावर ती कार्यालयाच्या वरच्या खोलीत एकटी बसलेली सापडली. मी दार लावून घेतलं.

"अपू, मला मामाला सांगायचं होतं. पत्ता मी लिहिला होता म्हणून."

"मला ठाऊक आहे की," ती म्हणाली. "मी तिथंच होते ना. पेन मीच दिलं तुला."

"मी आत्ता सांगते सगळ्यांना. आण्णांना सांगते. तुला पुढं शिकता येईल, मी भाऊजींशी बोलते."

"आत्ता?" ती हसली. मला माझाच तो शब्द ओळखू आला. "माझं लग्न आहे आज, ताई. पाहुणे काय म्हणतील?"

मी तिचे हात धरले. हळदीनं ओले होते.

"मला पत्त्याचं काय वाटत नाही," ती म्हणाली. "तो तू चांगल्यासाठी लिहिलास. मला एकच सांग. त्या दिवशी तू ब्लाउज घालून बघत होतीस, मी सांगायला आले होते. तेव्हा तुला कळलं नव्हतं का, माझी काय अवस्था आहे ती? नसेल कळलं तर तसं सांग. मी विश्वास ठेवेन."

मला खोटं बोलता आलं असतं. दोनदा बोलले होते, एकदा शब्दांनी, एकदा गप्प बसून. ती वाट बघत होती आणि तिला ते खोटं हवं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"कळलं होतं," मी म्हणाले. "तू पत्ता म्हणालीस तेव्हाच कळलं होतं सगळं. मला भीती वाटली. लग्न मोडेल म्हणून."

तिनं हात हळूच सोडवून घेतले. "बरं," म्हणाली. "जा आता, खाली शोधत असतील."

ह्याला आता आठ वर्षं होत आली. मामा गेला, त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. आण्णांना मी अजून सांगितलेलं नाही. अपूला एक मुलगी आहे असं आईकडून कळतं. अपू माझा फोन घेत नाही. भांडण नाही, वाईट शब्द नाही, फक्त घेत नाही. तिचं नाव कुठंही शोधलं तरी सापडत नाही. मोबाइलवर तिचा फोटो नाही, फेसबुक नाही, कसलंच काही नाही. माझ्याकडं तिचा शेवटचा फोटो आहे तो मीच काढलेला, ताट घेऊन उंबऱ्यात उभी असतानाचा, आणि तो मला बघवत नाही.

दर श्रावणात मी तिला राखी पाठवते. बांधायचो ना आम्ही एकमेकींना. पोस्टातले काका ओळखीचे आहेत, ते दरवेळी पाकीट उलटं करून म्हणतात, "मॅडम, पाठवणाऱ्याचा पत्ता राहिला." मी म्हणते असू दे.

तिनं घेतली नाही तर पाकीट परत येईल. मागं पत्ता नसला की ते परत येत नाही.